साडेतेरा तासांचा हिशेब

ब्रेव्हेला, म्हणजे ठरल्या वेळेत लांब अंतर कापायच्या सायकलफेरीला, वयाची सवलत नसते. पंचविशीतला पोरगा असो की पासष्टी ओलांडलेले आजोबा, 200 किलोमीटरसाठी सगळ्यांना 13 तास 30 मिनिटंच मिळतात. 300 ला 20 तास, 400 ला 27, 600 ला 40, 1000 ला 75. उतारवयात सायकलकडे वळलेल्या माणसाला हे पहिल्यांदा ऐकताना अन्यायाचं वाटतं. मॅरेथॉनला वयोगट असतात, इथे का नाहीत? त्याचं उत्तर ब्रेव्हेच्या यादीत मिळतं. ब्रेव्हेत पहिला नंबर नसतो. कुणी आठ तासांत येतो, कुणी 13 तास 25 मिनिटांनी. दोघांची नावं एकाच यादीत येतात आणि मान्यताही सारखीच मिळते. वेळेत या, एवढीच अट. ती अट पाळायला थांबण्यासकट ताशी 15 किलोमीटरची सरासरी पुरते, आणि ताशी 15 हा वेग सपाट रस्त्यावर धडधाकट साठीच्या माणसाच्या पायात असतो. प्रश्न तो दिवसभर टिकवण्याचा आहे, आणि त्याहून मोठा प्रश्न तो वाया न घालवण्याचा.

या खेळाचा जन्म मात्र शर्यतीतूनच झाला. 1891 मध्ये पॅरिसच्या ‘ल पेती जुर्नाल’ या दैनिकाच्या पिएर जिफार या पत्रकाराने पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत येण्याची, सुमारे 1200 किलोमीटरची स्पर्धा भरवली. शार्ल तेरों 71 तास 22 मिनिटांत परतला आणि त्याचं नाव इतिहासात राहिलं. मला त्या स्पर्धेतल्या दुसऱ्या टोकाच्या माणसांबद्दल जास्त आपुलकी आहे. दोनशेहून अधिक लोक निघाले होते, त्यातले जेमतेम निम्मे पोचले आणि शेवटी येणाऱ्यांना दहा दिवस लागले. धुळीच्या रस्त्यांवर, गिअर नसलेल्या सायकलींवर, रात्री जिथे आसरा मिळेल तिथे पडून त्यांनी ते अंतर पुरं केलं. आजची ब्रेव्हे या दुसऱ्या टोकाच्या लोकांची परंपरा चालवते. 1904 मध्ये ‘ओदाक्स क्लब पारिझियां’ स्थापन झाला आणि 1921 पासून ज्याने त्याने आपापल्या गतीने, पण ठरल्या वेळेत अंतर कापायचं, ही पद्धत रुळली. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस आता दर चार वर्षांनी होते. तिची कमाल मुदत 90 तास आहे, आणि तिथे उतरणाऱ्यांचं सरासरी वय पन्नाशीच्या आसपास असतं. पुढची फेरी 2027 मध्ये आहे.

आपल्याकडे ब्रेव्हेचं रोपटं रुजवण्यात पुण्याच्या दिव्या ताटे यांचा मोठा वाटा आहे आणि ‘ऑडॅक्स इंडिया रँडोनिअर्स’ या संस्थेच्या नावाने ते देशभर पसरलं. महाराष्ट्रात लांब पल्ल्याच्या सायकलिंगचं नाव निघालं की नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू आठवतात. 2015 मध्ये त्यांनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ जोडीने पूर्ण केली. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी 2017 मध्ये तीच साधारण 4800 किलोमीटरची शर्यत एकट्याने बारा दिवसांच्या आत संपवली. ही मोठी माणसं. पण त्यांच्या सरावाचं वेळापत्रक पाहून साठीच्या माणसाने आपलं आखलं, तर महिन्याभरात गुडघा धरून बसायची पाळी येईल. त्याचं गणित वेगळं आहे आणि ते रस्त्यावरच मांडून पाहावं लागतं.

त्यासाठी आपण वाशिमहून निघणारा रस्ता घेऊ. समजा, डिसेंबरात सकाळी सहाला वाशिमहून निघायचं, मालेगाव, केनवड, मेहकर करत 100 किलोमीटरवर वळायचं आणि त्याच वाटेने परत यायचं. समृद्धी महामार्ग याच पट्ट्यातून गेला आहे, पण त्यावर सायकलला मज्जाव आहे. आपला रस्ता जुना, गावागावांतून जाणारा. हा भाग नकाशावर पठार दिसतो, सायकलवर तसा लागत नाही. पैनगंगेचं खोरं आणि उत्तरेकडे पूर्णेला मिळणाऱ्या नद्यांचं खोरं यांच्या मधल्या उंचवट्यावरून आपण जातो. घाट म्हणावा असा चढ नाही, पण सलग सपाटीही नाही. उतरा, ओढा ओलांडा, चढा, पुन्हा उतरा. चारचाकीतून जाताना हे जाणवतही नाही. पायांना मात्र प्रत्येक चढाची नोंद ठेवावी लागते.

आता हिशेब. ताशी 20 च्या वेगाने चाक फिरत राहिलं तर 200 किलोमीटरला 10 तास लागतात आणि थांबायला साडेतीन तास उरतात. 18 च्या वेगाने 11 तास 7 मिनिटं लागतात, उरतात 2 तास 23 मिनिटं. 17 ने गेलात तर हातात पावणेदोन तास, आणि 16 ने गेलात तर नेमका एक. वय वाढतं तसं माणूस या यादीत खाली सरकतो. त्यावर बहुतेकांना एकच उपाय सुचतो, तो म्हणजे जोर लावून पुन्हा वर चढायचा. तो महागात पडतो, कारण हवेचा अडथळा वेगाच्या घनाच्या प्रमाणात ताकद मागतो. 20 वरून 25 वर जायचं तर नुसती हवा कापायला जवळजवळ दुप्पट ताकद लागते. ती ताकद सकाळच्या थंडीत, पाय ताजे असताना, पंचविशीतल्या पोरांच्या घोळक्यात सहज निघते आणि दुपारी दोनला तिची वसुली सुरू होते.

थांबण्याचा वेळ मात्र पूर्ण आपल्या हातात असतो. येताना केनवड लागतं तेव्हा दीडशेच्या आसपास किलोमीटर झालेले असतात. फाट्यावरच्या हॉटेलात चहा घ्यायचा ठरतं. सायकल कुठे टेकवायची ते पाहण्यात, हेल्मेट-हातमोजे काढण्यात तीन मिनिटं गेली. चहा सांगितला, तोवर समोर कढईत आलूबोंडे पडलेले दिसले. पुढचा घाणा निघेपर्यंत सात मिनिटं. ‘काका, कुठून आले? या वयात सायकलवर?’ असं विचारणाऱ्या माणसाला नीट उत्तर द्यावंच लागतं, तो आपुलकीनेच विचारतो, पाच मिनिटं. मग घरून फोन, मग चष्मा काढून मोबाइलवर अंतर पाहणं, सुट्ट्या पैशांची वाट, पाण्याच्या बाटल्या भरणं, लघवीला जाऊन येणं. दहा मिनिटांचा थांबा पस्तीस मिनिटांवर जातो आणि एवढ्या वेळात आखडलेले गुडघे पुढचे चार किलोमीटर पायडल फिरू देत नाहीत. 17 च्या वेगाने जाणाऱ्याच्या पावणेदोन तासांतली पस्तीस मिनिटं म्हणजे त्याच्या शिलकीचा तिसरा हिस्सा. असे तीन थांबे झाले की तो वेळेबाहेर गेला, आणि संध्याकाळी तो म्हणणार, ‘आता वय झालं.’

म्हणून सायकलवरून उतरण्याआधीच कामांचा क्रम ठरवून ठेवावा. आधी ऑर्डर, मग पाणी, मग शौचालय. खाणं समोर येईपर्यंत बाकी सगळं उरकलेलं असावं. ब्रेव्हेत वाटेवर ठरावीक ठिकाणी कंट्रोल असतात. तिथे कुणी शिक्का मारतं, नाहीतर जवळच्या एटीएमची चिठ्ठी किंवा दुकानाची पावती घेऊन आपण तिथे होतो हे दाखवावं लागतं. एटीएम बंद असलं की धावपळ होते. अशा वेळी वेळ लिहिलेली चहाची पावतीही कामाला येते. कंट्रोलची उघडण्याची आणि बंद होण्याची वेळ ठरलेली असते. 100 किलोमीटरचा कंट्रोल 6 तास 40 मिनिटांनी बंद होतो, म्हणजे सहाला निघालेल्यासाठी 12 वाजून 40 मिनिटांनी. पहिल्या 60 किलोमीटरमध्ये नियम हळू माणसाला थोडी जास्त मोकळीक देतो, त्यामुळे सुरुवातीलाच घाबरून पळायचं कारण नसतं. अंगात ऊब यायला साठीत वेळ लागतो. तेवढी सवड नियमातच आहे.

शरीराबद्दल बोलायचं तर आधी काय जातं ते मान्य करू. ऑक्सिजन वापरण्याची शरीराची कमाल क्षमता तिशीनंतर दर दशकात साधारण दहा टक्क्यांनी उतरते. नियमित कष्टाचा व्यायाम करणाऱ्यांत ही घसरण बरीच मंद असते. हृदयाचे ठोके तरुणपणाइतके वर जात नाहीत. झटक्यात जोर देणारे स्नायूंचे तंतू आधी बारीक होतात, म्हणून चढावर उभं राहून झेप घेणं जमेनासं होतं. पण तासन्तास एका लयीत काम करणारे तंतू बऱ्यापैकी शाबूत राहतात, आणि ब्रेव्हेला लागतात ते नेमके हेच.

2018 मध्ये ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 55 ते 79 वयाच्या 125 हौशी सायकलस्वारांची तपासणी झाली. त्यात यायचं तर पुरुषांना 100 किलोमीटर साडेसहा तासांत आणि स्त्रियांना 60 किलोमीटर साडेपाच तासांत जमायला हवं होतं. म्हणजे हे चॅम्पियन नव्हते, ब्रेव्हेच्या रांगेत दिसतात तशी माणसं होती. वर्षानुवर्षं सायकल चालवणाऱ्या या लोकांच्या स्नायूंचं वजन आणि ताकद वयानुसार अपेक्षेइतकी घटलेली नव्हती. छातीतली थायमस ग्रंथी वयाबरोबर आक्रसते आणि नव्या संरक्षक पेशी घडवायचं काम सोडत जाते. या मंडळींत ती तरुणांइतक्याच पेशी घडवत होती. अभ्यासकांपैकी नॉर्मन लाझारस हे स्वतः ऐंशीच्या घरातले सायकलस्वार होते. आणि फ्रान्सचे रोबेर मार्शां यांनी 2017 मध्ये, वयाच्या 105 व्या वर्षी, ट्रॅकवर एका तासात 22.547 किलोमीटर कापले. त्यांच्या शरीराची तपासणी 101 आणि 103 व्या वर्षी झाली होती. मधल्या काळात शास्त्रशुद्ध सराव केल्यावर त्यांची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता वाढलेली आढळली. शंभरीनंतर शरीर सुधारू शकतं, याचा याहून ठाम पुरावा मला ठाऊक नाही.

याचा अर्थ डॉक्टरला टाळून निघायचं असा नाही. स्वीडनमधल्या वासालोपेत या लांब पल्ल्याच्या स्की शर्यतीत वर्षानुवर्षं भाग घेणाऱ्यांत हृदयाची लय बिघडण्याचं प्रमाण जास्त दिसलं आहे. छातीत फडफड, चढावर अचानक दम तुटणं, डोळ्यांपुढे अंधारी, ही लक्षणं थकव्याच्या खात्यावर टाकू नयेत. पन्नाशीनंतर पहिल्या 200 च्या आधी ईसीजी आणि ट्रेडमिल चाचणी करून घ्यावी. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवतात; दिवसभर घाम गाळायचा असताना त्या कधी आणि किती घ्यायच्या, हे डॉक्टरला ‘मी तेरा तास सायकलवर असेन’ असं स्पष्ट सांगून विचारावं. गुडघा दुखतो म्हणून वाटेत वेदनाशामक गोळ्या घेण्याची सवय तर फार वाईट. शरीरात पाणी कमी असताना त्या मूत्रपिंडावर घाला घालतात.

पाण्याची गोष्ट वेगळी सांगायला हवी. वय वाढलं की तहानेची जाणीव बोथट होते. घसा कोरडा पडेल तेव्हा पिऊ, असं म्हणणारा साठीचा माणूस उशीर करून बसतो. दुसऱ्या टोकाला, नुसतं साधं पाणी लिटरमागून लिटर ढोसलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि मळमळ, डोकेदुखी, भ्रम सुरू होतो. दर पंधरावीस मिनिटांनी दोन घोट, एका बाटलीत मीठ-साखर-लिंबू, आणि मधूनच खारे शेंगदाणे, एवढं पुरतं. खाण्यासाठी आपल्या रस्त्यावर विकतच्या जेलची गरज नाही. केळी, पोहे, गूळ, चिक्की, दुपारी वरणभात सगळीकडे मिळतो. तिखटजाळ तर्री आणि तळलेलं मात्र परतीच्या शंभरात छातीशी येतं. संध्याकाळी पोचल्यावर जेवणात फुटाणे, डाळ, दही, अंडी असं प्रथिनांचं काही भरपूर हवं. वयस्क स्नायूला दुरुस्तीसाठी एका बैठकीत तरुणापेक्षा जास्त प्रथिनं लागतात.

अंधार हा दुसरा विषय, आणि तो पुरेसा गंभीर आहे. डिसेंबरात या भागात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या आत मावळतो. सहाला निघून साडेसातला पोचायचं म्हणजे सकाळचा तासभर आणि संध्याकाळचे दीड-पावणेदोन तास अंधारात. साठीच्या डोळ्यात बाहुली लहान होते, भिंग पिवळसर होतं. विशीतल्या डोळ्याच्या तुलनेत पडद्यापर्यंत सुमारे एक तृतीयांशच उजेड पोचतो. समोरच्या ट्रकचे दिवे दिपवून गेले की डोळे सावरायलाही जास्त वेळ लागतो. म्हणून नियम म्हणतो तेवढ्या दिव्यावर भागवू नये: पुढे दोन दिवे, मागे दोन, आणि चमकणारं जाकीट अंधार पडण्याआधीच अंगात. मेहकरकडून पूर्वेला येताना सूर्य पाठीशी असतो. आपली सावली पुढे लांब पडली की समोरून येणाऱ्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत ऊन आहे असं समजावं. आपण त्याला दिसत नाही. आणि तुरीच्या, कपाशीच्या दिवसांत ट्रॉल्या, बैलगाड्या मागे लाल दिवा नसताना संथ चालतात. उताराच्या तळाशी त्या एकदम समोर येतात. उतारावर मोकळं सोडायचा मोह तिथे आवरावा.

सायकल कोणती, यावर लोक फार बोलतात. मी दोनच गोष्टी सांगेन. गिअर इतके हलके असावेत की दिवसाच्या शेवटच्या चढावर बसल्या जागी, गुडघ्यावर जोर न देता पाय फिरत राहतील. आणि हँडल इतकं उंच असावं की मान मोडून वर पाहावं लागू नये. मणक्याचा जुना त्रास असलेल्या माणसाची मान पायांच्या कितीतरी आधी हार मानते. तरुण शर्यतपटूंचीही मानते. अमेरिकेच्या मायकल शर्मर यांच्या नावानेच ते दुखणं ओळखलं जातं. सीटवरून दर दहा-पंधरा मिनिटांनी क्षणभर उठावं, म्हणजे नसेवरचा दाब सुटतो आणि बधिरपणा येत नाही.

या वयात एवढं लांब, संथ आणि नेटाने जाणं ही वऱ्हाडाला नवलाची गोष्ट नाही. शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी पातूर, मेडशी, शिरपूर, रिसोड अशी याच भागातून पंढरपूरला जाते. महिनाभर रोज चालणाऱ्या त्या दिंडीत पांढऱ्या केसांची माणसं किती असतात ते केनवडच्या परिसरातल्या कुणालाही विचारावं. मुक्काम ठरलेला, निघायची वेळ ठरलेली, पुढे पळण्यात भूषण नाही आणि मागे राहिलेल्यासाठी कुणी ना कुणी थांबतं. नाशिकचे सायकलस्वार आता दरवर्षी सायकलने पंढरपूरची वारी करतात. ब्रेव्हेत बाहेरची मदत फक्त कंट्रोलवर घेता येते, वाटेत आपलं पंक्चर आपणच काढायचं; तेवढा फरक. पण चालीचा धर्म तोच आहे.

कधी सोडावं, हेही ठरवून निघावं. छातीत दुखलं, दोनदा तोल गेला, डुलकी येऊन सायकल पांढऱ्या पट्ट्याबाहेर गेली, लघवी तास न् तास झाली नाही, यांतलं काही घडलं तर त्याच ठिकाणी उतरायचं आणि आयोजकांना फोन करायचा. याला सायकलवाले ‘डीएनएफ’ (डिड नॉट फिनिश) म्हणतात आणि त्यात कमीपणा काही नाही. उलट निव्वळ थकवा आला, वारा समोरून लागला, सगळे पुढे निघून गेले, ही सोडण्याची कारणं नव्हेत. हिवाळ्यात इथला वारा बहुतेक ईशान्य-पूर्वेकडून येतो, म्हणजे परतताना तोंडावर. त्या वेळी सायकलवरचा आकडा पाहू नये. पाय ज्या कष्टाने सकाळी फिरत होते त्याच कष्टाने फिरू द्यावेत. वेग 14 झाला तर होऊ द्यावा. सकाळी थांब्यांवर वाचवलेली मिनिटं या तासासाठीच असतात.

सरावाला आपला हंगाम सोयीचा आहे. पोळ्यानंतर पाऊस ओसरला की आठवड्यातून तीन दिवस तास-दीड तास, आणि एक दिवस लांब. लांबचं अंतर दसऱ्याला 50, दिवाळीला 80, त्यानंतर 100 ते 120. त्यापुढे सरावात जायची गरज नाही; 120 आरामात करणारा आणि थांबे आवरणारा माणूस 200 करतो. दर चौथ्या आठवड्यात अंतर निम्म्यावर आणावं, कारण उतारवयात ताकद वाढते ती विश्रांतीत. आठवड्यातून दोनदा उठाबशा आणि जिना चढणं, मांड्यांसाठी. नागपूर, अमरावती, नाशिक, पुणे इथल्या ब्रेव्हेंच्या तारखा आधीच जाहीर होतात. थंडीतली एक निवडावी. 200 झाल्यावर त्याच हंगामात 300, 400 आणि 600 केलं तर ‘सुपर रँडोनिअर’ हा किताब मिळतो. हा हंगाम 1 नोव्हेंबरपासून पुढच्या 31 ऑक्टोबरपर्यंतचा धरतात. पण 400 आणि 600 मध्ये रात्र आणि झोप आली, त्यामुळे 200 झाल्याबरोबर घाई करू नये. होळीनंतर विदर्भाचं ऊन सुरू होतं. तेव्हापासून दिवसाची लांब फेरी बंद करावी आणि पहाटे पाच ते आठ एवढंच फिरावं.